क्वांटम संगणक : यंत्र कोणासाठी?

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२५ हे वर्ष 'आंतरराष्ट्रीय क्वांटम विज्ञान व तंत्रज्ञान वर्ष' म्हणून पाळले. त्याच वर्षी भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस या तीन शास्त्रज्ञांना मिळाले. अणूच्या सूक्ष्म जगात चालणारे क्वांटम नियम हातात धरता येईल एवढ्या मोठ्या विद्युत्-मंडलातही दिसून येतात, हे त्यांनी १९८४-८५ च्या सुमारास प्रयोगाने सिद्ध केले होते. आजच्या अनेक क्वांटम संगणकांचा पाया त्या प्रयोगांत आहे.

तेव्हापासून 'क्वांटम' हा शब्द वृत्तपत्रांतून, दूरचित्रवाणीवरून आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतून आपल्या घरापर्यंत आला आहे. बारावीच्या निकालानंतर धर्मग्रामात होणाऱ्या मार्गदर्शन शिबिरांत पालक विचारू लागले आहेत : मुलाला कॉम्प्युटर शिकवला, तो पुरा होण्याआधीच जुना होणार का? ज्येष्ठ मंडळींना चिंता आहे ती बँकेतल्या ठेवीची. एखादा नवा संगणक सगळी कुलुपे उघडणार असेल तर आयुष्यभराच्या कष्टाच्या पैशाचे काय? आणि काही जण या सर्वांपासून दूर राहून म्हणतात की, हे मोठ्या लोकांचे खेळ आहेत, आपल्याला त्यांचे काय?

हे तीनही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे मात्र भीतीतून किंवा जाहिरातीतून मिळणार नाहीत. त्यासाठी विषय थोडा समजून घ्यावा लागेल आणि त्यानंतर श्रद्धावंत म्हणून आपला स्वतःचा प्रश्न विचारावा लागेल : हे यंत्र कोणासाठी?

शंभर वर्षांची वाटचाल

क्वांटम विज्ञान नवे नाही. १९०० साली जर्मन शास्त्रज्ञ माक्स प्लांक यांनी मांडले की, तापलेल्या वस्तूतून ऊर्जा सलग धारेसारखी बाहेर पडत नाही. ती ठरावीक मापाच्या पुंजक्यांनी बाहेर पडते. म्हणून मराठीत या शास्त्राला पुंजविज्ञान असेही म्हणतात. १९२४ साली ढाका विद्यापीठात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी आपला निबंध आइन्स्टाइन यांच्याकडे पाठवला आणि या शास्त्राच्या इतिहासात भारताचे नाव कायमचे कोरले गेले. १९२५ मध्ये वेर्नर हायझेनबर्ग यांनी त्याची गणिती मांडणी केली. त्याची शताब्दी म्हणूनच २०२५ हे वर्ष निवडले गेले.

या विज्ञानाची फळे आपण कधीपासून खात आहोत. मोबाइलमधला ट्रान्झिस्टर, दुकानातल्या बारकोडवर फिरणारा लेसरचा किरण, रुग्णालयातील एमआरआय यंत्र ही सर्व त्याचीच देणगी होय. ख्रिस्तसभेचेही या शास्त्राशी जुने नाते आहे. पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीची पुनर्स्थापना केली, तेव्हा तिच्या सदस्यांत माक्स प्लांक आणि नील्स बोर यांचा समावेश होता. दोघेही कॅथलिक नव्हते. सत्याचा प्रामाणिक शोध घेणाऱ्याला ख्रिस्तसभेने दार उघडे ठेवले, हे येथे ध्यानात घ्यावे.

संगणकाची कल्पना पुढे आली ती १९८१ साली. अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी एका परिषदेत मुद्दा मांडला की, निसर्ग जर क्वांटम नियमांनी चालत असेल, तर त्याची हुबेहूब नक्कल करणारे यंत्रही त्याच नियमांवर चालणारे हवे. १९८५ साली डेव्हिड डॉइच यांनी अशा यंत्राची सैद्धांतिक रूपरेषा आखली. १९९४ साली पीटर शोर यांनी दाखवले की, असे यंत्र खरोखर बनले तर फार मोठ्या संख्यांचे अवयव ते झटपट पाडू शकेल. त्या दिवसापासून सरकारे आणि बँका या विषयाकडे कान टवकारून पाहू लागल्या. त्याचे कारण पुढे येईलच.

क्युबिट म्हणजे काय?

आपला नेहमीचा संगणक सर्व माहिती शून्य आणि एक या दोन अंकांत साठवतो. प्रत्येक घर, ज्याला 'बिट' म्हणतात, एक तर शून्य असते किंवा एक. दिव्याचे बटण चालू तरी असते किंवा बंद तरी.

क्वांटम संगणकाच्या घराला 'क्युबिट' म्हणतात. मोजमाप होईपर्यंत ते शून्य आणि एक यांच्या मिश्र अवस्थेत राहू शकते. या अवस्थेला अध्यारोपण म्हणतात. शिवाय अनेक क्युबिट एकमेकांत असे गुंफले जातात की, एकाचा विचार दुसऱ्याला वगळून करता येत नाही. क्युबिट वाढवत नेले की या मिश्र अवस्थेचा पसारा दुपटीदुपटीने वाढतो. अवघ्या ३०० क्युबिटांची संपूर्ण अवस्था कागदावर लिहायची म्हटले, तर दृश्य विश्वातील अणूंच्या संख्येपेक्षा अधिक संख्या लिहाव्या लागतील.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'क्वांटम संगणक सर्व उत्तरे एकाच वेळी तपासतो' असे सर्रास लिहिले जाते. ते खरे नाही. मोजमाप करताच क्युबिटांची ती मिश्र अवस्था मोडते आणि हाती एकच उत्तर लागते. ते बरोबर यावे यासाठी खरी युक्ती वेगळी आहे.

वसईतील वाचकांनी बावखल पाहिलेले आहे. बावखलाच्या स्थिर पाण्यात थोड्या अंतरावर दोन दगड टाकावेत. दोन्हींच्या लाटा पसरतात आणि एकमेकींना भेटतात. उंचवट्याला उंचवटा भेटतो तेथे पाणी अधिक उसळते. उंचवट्याला खळगा भेटतो तेथे पाणी जणू हललेच नाही असे दिसते. क्वांटम संगणकाची आज्ञावली हेच करते. चुकीच्या उत्तरांच्या लाटा एकमेकींना पुसून टाकतील आणि बरोबर उत्तराची लाट उंच होईल, अशी तिची रचना असते. ही रचना प्रत्येक प्रश्नासाठी सापडतेच असे नाही. थोड्याच प्रकारच्या प्रश्नांसाठी ती आजवर सापडली आहे. म्हणूनच हा संगणक तुमच्या टेबलावरच्या संगणकाची जागा घेणार नाही. पत्र टंकित करणे, वीजबिल भरणे, सणाच्या मिस्साची चित्रफीत पाहणे यांसाठी त्याचा काडीमात्र उपयोग नाही.

उपयोग आहे तो मुख्यतः तीन ठिकाणी. पहिले, रेणूंचे वर्तन समजून घेणे. नवी औषधे, नवे पदार्थ, अधिक टिकाऊ बॅटरी यांचा शोध त्यामुळे सुकर होईल अशी आशा आहे. हवेतील नायट्रोजनपासून खत बनवण्यास कारखान्यात प्रचंड उष्णता आणि दाब लागतो. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांतील सूक्ष्मजीव तेच काम शेतातल्या मातीत, साध्या तापमानाला करतात. ते कसे करतात हे रेणूंच्या पातळीवर नीट उलगडले, तर शेतकऱ्याच्या दृष्टीने ती मोठी गोष्ट ठरेल. दुसरे, मोठ्या संख्यांचे अवयव पाडणे. तिसरे, काही प्रकारचा शोध जलद करणे. लव्ह ग्रोव्हर यांनी १९९६ साली सांगितलेल्या पद्धतीने दहा लाख नोंदींतून हवी ती नोंद शोधण्यास साधारण हजार पायऱ्या पुरतात.

दावे आणि वस्तुस्थिती

क्युबिट हा अतिशय नाजूक जीव आहे. उष्णतेची किंचित झुळूक, भटकी विद्युत्-चुंबकीय लहर, कसलाही स्पर्श त्याची अवस्था बिघडवतो. म्हणून अनेक क्वांटम संगणक निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सियसच्या अगदी जवळ थंड ठेवावे लागतात. तरीही चुका होतात आणि त्या दुरुस्त करण्यासाठी एका भरवशाच्या क्युबिटमागे शेकडो साधे क्युबिट राबवावे लागतात.

त्यामुळे प्रत्येक घोषणा सावधपणे वाचावी. २०१९ साली गुगलने जाहीर केले की, आपल्या ५३ क्युबिटांच्या संगणकाने २०० सेकंदांत जे गणित केले, त्याला जगातील सर्वांत शक्तिमान महासंगणकास १०,००० वर्षे लागली असती. आयबीएम या कंपनीने लगेच उत्तर दिले की, पद्धत बदलली तर अडीच दिवस पुरतील. पुढे इतर शास्त्रज्ञांनी नेहमीच्या संगणकांवर ते काम बरेच कमी वेळात करून दाखवले. शिवाय ते गणित संगणकाची परीक्षा घेण्यापुरते होते, त्याचा व्यवहारात उपयोग नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये गुगलनेच 'विलो' ही १०५ क्युबिटांची चिप पुढे आणली. तिचे महत्त्व वेगाहून अधिक दुसऱ्या एका गोष्टीत आहे. त्रुटी दुरुस्त करणाऱ्या क्युबिटांचा गट मोठा करत नेला तशा चुका वाढण्याऐवजी प्रत्येक पायरीला जवळजवळ निम्म्या झाल्या. तीस वर्षे ज्याची वाट पाहिली जात होती, ती ही पायरी होती. म्हणजे वाट बरोबर आहे, पण मुक्काम अजून दूर आहे, असे म्हणणे योग्य होईल.

कुलपांचा प्रश्न

आता ठेवींची चिंता करणाऱ्या ज्येष्ठांकडे वळू. बँकेचा व्यवहार, मोबाइलवरचा संदेश, रुग्णालयातील नोंद ही माहिती प्रवासात असताना कुलूपबंद असते. या कुलपांपैकी सर्वाधिक वापरले गेलेले कुलूप १९७७ सालचे असून ते एका साध्या तत्त्वावर आधारलेले आहे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे. गुणाकार हाती देऊन त्या दोन संख्या शोधायला सांगणे अतिशय कठीण. ५३ आणि ६१ यांचा गुणाकार ३२३३ होतो, हे शाळेतले मूलही सांगेल. पण ३२३३ चे अवयव सांगा म्हटले की ते डोके खाजवेल. प्रत्यक्षातील कुलपांत ही संख्या सहाशेहून अधिक अंकी असते. नेहमीच्या संगणकांना ती फोडणे व्यवहारात शक्य नाही. शोर यांच्या पद्धतीने चालणाऱ्या मोठ्या क्वांटम संगणकाला मात्र ते शक्य होईल.

तसा संगणक आज अस्तित्वात नाही. २०१९ मधील एका अंदाजानुसार त्यासाठी सुमारे दोन कोटी क्युबिट लागले असते. त्या अंदाजाच्या दोघा कर्त्यांपैकी एक, क्रेग गिडनी यांनी मे २०२५ मध्ये सुधारित हिशेब मांडला की, दहा लाखांहून कमी क्युबिट आणि आठवड्याहून कमी वेळ पुरेल. हातातली यंत्रे अजून या आकड्यापासून कितीतरी लांब आहेत, पण आकडा खाली येत आहे. आणखी एक धोका असा की, आज चोरलेली कुलूपबंद माहिती जपून ठेवायची आणि उद्या किल्ली मिळाल्यावर उघडायची, असा डाव कोणी टाकू शकतो. व्यवहाराची आजची नोंद वीस वर्षांनी कोणी वाचली तरी फारसे बिघडणार नाही. पण एखाद्याच्या आजाराची, कौटुंबिक दाव्याची किंवा राष्ट्राच्या संरक्षणाची माहिती वीस वर्षांनीही तितकीच नाजूक असते.

यावर उपाय निघाला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने १३ ऑगस्ट २०२४ रोजी नव्या प्रकारच्या कुलपांची पहिली तीन मानके जाहीर केली. ही कुलपे क्वांटम संगणकालाही उघडता येऊ नयेत अशा गणितावर उभी आहेत. बँकांनी व सरकारी खात्यांनी ती टप्प्याटप्प्याने बसवायची आहेत. आपल्या पतपेढ्या आणि सहकारी बँका यांच्या सभासदांनी वार्षिक सभेत याविषयी एक प्रश्न अवश्य विचारावा : आपल्या संगणक-प्रणालीचा पुरवठादार ही कुलपे केव्हा बदलणार आहे?

तथापि घाबरून ठेव काढून आणण्याची काही गरज नाही. आजघडीला आपल्या ज्येष्ठांचे पैसे लुबाडले जातात ते कुलूप फोडून नव्हे. फोनवर गोड बोलून किंवा 'अटक' करण्याची धमकी देऊन त्यांच्याकडूनच किल्ली मागून घेतली जाते. एकाकी माणूस त्या आवाजाला फसतो. या चोरीवर गणिताकडे उत्तर नाही. शेजारी, कुटुंब आणि छोटे ख्रिस्ती समूह यांच्याकडे ते आहे.

भारत कोठे आहे?

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी 'राष्ट्रीय क्वांटम मिशन'ला मंजुरी दिली. २०२३-२४ ते २०३०-३१ या काळासाठी ६००३.६५ कोटी रुपयांची तरतूद असून, आठ वर्षांत ५० ते १००० क्युबिटांचे संगणक बनवण्याचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी चार केंद्रे निवडली गेली. संगणनासाठी बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, दळणवळणासाठी आयआयटी मद्रास, संवेदन व मापनासाठी आयआयटी मुंबई आणि पदार्थ व उपकरणांसाठी आयआयटी दिल्ली. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आणि संरक्षण संशोधन संस्थेच्या पुणे येथील तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेने सहा क्युबिटांच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. जगाच्या तुलनेत आकडा लहान आहे. पण ज्याला पाया घालता येतो त्याला मजले चढवता येतात.

'ज्या देशात सरकारी रुग्णालयांत खाटा अपुऱ्या आहेत तेथे हा खर्च कशाला?' असा आक्षेप घेतला जातो. तो हलक्याने झटकून टाकण्यासारखा नाही. वर्षाला साधारण साडेसातशे कोटी रुपये ही रक्कम राष्ट्राच्या अंदाजपत्रकात लहान असली, तरी गरिबाच्या दृष्टीने लहान नाही. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने क्वांटम संगणक आणि त्यांच्या सुट्या भागांच्या निर्यातीवर नियंत्रणे आणली. जे ज्ञान आपण स्वतः कमावणार नाही, ते उद्या विकत घ्यावे म्हटले तरी मिळेलच असे नाही. म्हणून खर्च करावा की नाही यापेक्षा, त्या खर्चाचे फळ कोणाच्या ताटात पडेल, हा प्रश्न अधिक नेमका आहे. सार्वजनिक पैशातून मिळणारे ज्ञान क्षयरोगाच्या औषधाकडे आणि खताकडे वळणार, की शेअर बाजारातील सट्ट्याकडे आणि पाळत ठेवण्याकडे? हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक करदात्याला आहे.

१९८१ : तीन घटना

येथे आपण मूळ प्रश्नाशी येतो. फाइनमन यांनी क्वांटम संगणकाची कल्पना मांडली ते १९८१ हेच वर्ष आणखी दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१४ सप्टेंबर १९८१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी मानवी श्रमावरचे 'लाबोरेम एक्झर्सेन्स' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. पोप लिओ तेरावे यांच्या १८९१ सालच्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकाला तेव्हा नव्वद वर्षे झाली होती. तरुणपणी पोलंडमध्ये दगडखाणीत आणि रासायनिक कारखान्यात राबलेल्या या पोपनी श्रमाच्या दोन बाजू वेगळ्या करून दाखवल्या. एक बाजू म्हणजे काय बनले, किती बनले आणि कोणत्या यंत्राने बनले. दुसरी बाजू म्हणजे ते बनवणारा माणूस कोण आणि त्या कामातून तो अधिक माणूस झाला की कमी. कामाची खरी किंमत दुसऱ्या बाजूने ठरते, आणि भांडवलापेक्षा, यंत्रापेक्षा श्रम करणारी व्यक्ती श्रेष्ठ, ही त्यांची शिकवण होती.

त्याच वर्षी माइक कूली नावाच्या अभियंत्याला राइट लाइव्हलिहूड पारितोषिक मिळाले. आयर्लंडमधील ट्युअम गावचा हा माणूस ब्रिटनमधील लुकास एरोस्पेस या विमानांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत काम करीत होता. नोकऱ्या जाणार अशी चिन्हे दिसू लागली, तेव्हा तेथील कामगारांनी नुसता संप पुकारला नाही. 'आमच्या हातातल्या कौशल्यातून आणि या यंत्रांतून समाजाला उपयोगी पडेल असे काय बनवता येईल?' असे त्यांनी एकमेकांना विचारले. जानेवारी १९७६ मध्ये त्यांनी सुमारे दीडशे वस्तूंची योजना मांडली. तीत मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी डायलिसिस यंत्रे होती, पवनचक्क्या होत्या, उष्णतापंप होते. व्यवस्थापनाने योजना फेटाळली आणि पुढे कूली यांची नोकरीही गेली. परंतु त्यांनी सूचित केलेल्या कितीतरी गोष्टी आज जगभर रोजच्या वापरात आहेत.

कूली यांनी 'मानवकेंद्री' तंत्रज्ञानाचा विचार मांडला, तो या अनुभवातून. कारागिराच्या बोटांत आणि नजरेत असलेले ज्ञान पुस्तकात उतरवता येत नाही. यंत्र असे बनवावे की ते ज्ञान त्याच्या हातात अधिक समर्थ होईल. ते काढून घेऊन माणसाला बटण दाबणारा करून टाकील असे यंत्र प्रगतीचे म्हणता येणार नाही. नॉर्वेत क्रिस्टेन नायगार्ड या संगणकशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात पोलाद व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर याच दिशेने काम केले. ज्यांच्या कामावर संगणक येणार, त्यांना त्याच्या रचनेत आधीपासून सहभागी करावे, हा त्याचा आग्रह होता.

परिपत्रक आणि कामगारांची योजना एकमेकांना ठाऊक असोत वा नसोत, दोन्ही एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात. प्रभू येशूने शब्बाथाच्या नियमाला जो निकष लावला, तोच निकष दोघे यंत्राला लावतात : नियम माणसासाठी असतो, माणूस नियमासाठी नसतो.

आजच्या काळातील शिकवण

ख्रिस्तसभा हा विचार पुढे नेत आहे. २८ फेब्रुवारी २०२० रोजी रोममध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतीसंबंधी एक आवाहन स्वीकारले गेले. त्यावर व्हॅटिकनच्या जीवनविषयक अकादमीबरोबर मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनीही सह्या केल्या. १४ जून २०२४ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस इटलीतील जी-सेव्हन शिखर परिषदेत बोलले. त्या परिषदेत बोलणारे ते पहिलेच पोप होत. २८ जानेवारी २०२५ रोजी व्हॅटिकनने 'अँटिक्वा एत नोवा' हा दस्तऐवज प्रसिद्ध करून मानवी बुद्धी आणि यंत्राची गणनशक्ती यांतील भेद स्पष्ट केला, आणि निर्णयाची जबाबदारी यंत्रावर ढकलता येणार नाही असे बजावले. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी कार्डिनलांना आपल्या नावामागचे कारण सांगताना 'रेरुम नोवारुम'ची आठवण करून दिली. त्या काळी कारखान्यांच्या क्रांतीत कामगाराची बाजू घ्यावी लागली, तशी आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात मानवी प्रतिष्ठेची आणि श्रमाची बाजू घ्यावी लागणार आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

क्वांटम संगणकाच्या बाबतीत एक संधी आहे. समाजमाध्यमे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता घरोघर पोहोचल्यावर आपण जागे झालो. हे यंत्र अजून प्रयोगशाळेत आहे. ओल्या मातीला आकार देता येतो. भाजलेल्या मडक्याला देता येत नाही.

'माणूस केंद्रस्थानी' म्हणजे नेमके काय, हे कळण्यासाठी दूर जायला नको. रेशनच्या दुकानात अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र आले. शेतात, मिठागरात किंवा बांधकामावर राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांना ते यंत्र ओळखेना. यंत्र बनवणाऱ्याने स्वच्छ, मऊ बोटे डोळ्यांसमोर ठेवली होती. अशा आजीबाईंना रिकामी पिशवी घेऊन परतावे लागते तेव्हा तो केवळ तांत्रिक बिघाड नसतो. सर्वांत अधिक कष्ट केलेल्या हाताला यंत्राने नाकारलेले असते. मानवकेंद्री रचना म्हणजे त्या हाताचा विचार प्रथम करणे, आणि यंत्र चुकले तर निर्णय देणारा जबाबदार माणूस समोर असणे.

दोन सावधगिरीच्या सूचना

पहिली सूचना खिशाविषयी. 'क्वांटम' या शब्दाची जादू वापरून लॉकेट, पाण्याच्या बाटल्या, हस्तस्पर्शाने सर्व रोग सांगणारी यंत्रे विकली जातात. क्वांटम संगणकाशी त्यांचा काहीही संबंध नाही. कर्करोगाचा किंवा मधुमेहाचा रुग्ण डॉक्टरांचे उपचार सोडून अशा वस्तूंच्या नादी लागला तर जीव गमावून बसेल.

दुसरी सूचना श्रद्धेविषयी. एकाच वेळी शून्य आणि एक असणारा क्युबिट पाहून काही उत्साही मंडळी त्यात पवित्र त्रैक्याचा किंवा प्रभूच्या दोन स्वभावांचा पुरावा शोधतात. हेतू चांगला असला तरी मार्ग बरा नाही. भौतिकशास्त्राचा सिद्धांत उद्या सुधारला जाऊ शकतो. त्यावर श्रद्धा टेकवली तर तीही डळमळेल. आपल्या श्रद्धेचे रहस्य देवाने स्वतःला प्रकट केल्यामुळे आपल्याला कळले आहे. त्याला प्रयोगशाळेच्या शिफारसपत्राची गरज नाही. सृष्टीची ही सूक्ष्म रचना पाहून निर्मात्यापुढे नतमस्तक व्हावे, एवढे पुरेसे आहे.

धर्मग्रामात काय करता येईल?

पालकांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. शिकलेला कॉम्प्युटर वाया जाणार नाही, कारण क्वांटम संगणकालाही नेहमीचाच संगणक चालवतो. गणित आणि भौतिकशास्त्र यांचा पाया पक्का असलेल्या मुलामुलींना या क्षेत्रात वाव आहे. आणि केवळ पीएच.डी. झालेल्यांचेच हे काम नाही. अतिशीत यंत्रणा सांभाळणारे, निर्वात नळ्या जोडणारे, सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक मंडले बसवणारे कुशल तंत्रज्ञही लागतात. आयटीआय आणि पदविका घेणाऱ्या आपल्या मुलांनी हे क्षेत्र परके समजू नये.

धर्मग्रामाच्या पातळीवर तीन गोष्टी सहज करता येतील. विज्ञान शाखेतील युवकांनी वर्षातून एकदा, शास्त्रीय परिभाषा टाळून, असा एखादा विषय धर्मग्रामापुढे मांडावा. पुढे संगणक क्षेत्रात काम करणाऱ्यांनी महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर ज्येष्ठांच्या मोबाइलविषयीच्या शंका ऐकण्यासाठी तासभर बसावे. फसवणुकीला त्याहून चांगले कुलूप नाही. आणि बाप्तिस्मा, विवाह, आजारी व गरजू कुटुंबे यांच्या नोंदी संगणकावर घेताना धर्मग्राम समितीने विचारावे की, ही माहिती कोठे साठवली जाते, कोण पाहू शकतो आणि ती खरोखर साठवण्याची गरज आहे काय. जी माहिती आपण गोळाच करत नाही, ती कोणताही क्वांटम संगणक चोरू शकत नाही.

या क्षेत्रात नोकरी करणाऱ्या तरुण-तरुणींवर आणखी एक जबाबदारी येते. सकाळच्या लोकलने अंधेरी, गोरेगाव, ऐरोलीला जाणाऱ्या आपल्या कित्येक मुलांच्या बोटांखाली उद्याची यंत्रे घडत आहेत. बैठकीत वेग, खर्च आणि नफा यांची चर्चा होईल, तेव्हा त्यांच्यापैकी एकाने तरी विचारावे : रेषा झिजलेल्या त्या अंगठ्याचे आपण काय ठरवले? हा प्रश्न विचारल्याने कधी बढती हुकेल, कधी हसेही होईल. कूली यांची तर नोकरी गेली. तरीही नाझरेथच्या सुताराला प्रभू मानणाऱ्यांनी तो प्रश्न विचारायचा नाही, तर कोणी विचारायचा?